पांढऱ्या बोटांचे पिल्लू

श्वानपालक मंडळाच्या पंचांनी पाचवे पिल्लू मानगुटीला धरून उचलले, उजेडाकडे वळवले, मागच्या पंजांची बोटे अंगठ्याने फाकवून पाहिली आणि ते गोणपाटावर टाकले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी हात पुसले.

"शेठ," ते गिरणीवाल्यांना म्हणाले, "मादी बाटलेली आहे."

अंगणात कातरणी चालू होती. मेंढपाळाने एक मेंढी पाठीवर पाडून गुडघ्यांत धरली होती. त्याची कातर थांबली आणि अर्ध्या अंगाने उघडी, अर्ध्या अंगाने लोकरीत अशी ती मेंढी तशीच आकाशाकडे पाय करून पडून राहिली. त्याची बायको लोकरीतले काटे वेचत होती. तिने मान वर केली नाही. ऊन इतके कडक होते की पत्र्याच्या आडोशाखालची सावलीसुद्धा तापली होती.

"बाटलेली म्हणजे काय?" थोरल्या मुलीने विचारले. तिच्या हातात कुत्रीसाठी आणलेली पाण्याची बादली होती.

"म्हणजे काय ते तुला सांगायला हवं?" पंच हसले. "मागच्या खेपेला कोण चढला होता हिच्यावर? खाणीकडचा तो काळापांढरा. त्याचं रक्त राहिलं पोटात. आता हिला शंभर नंबरी नर दाखवला तरी अधूनमधून तो डोकं वर काढणारच. बघ, पांढरी बोटं. मंडळाच्या एका तरी धावणीच्या कुत्र्याला पांढरी बोटं आहेत का?"

"तुमच्या दारात सगळं परतच कसं येतं हो?" गिरणीवाले मेंढपाळाला म्हणाले. ते हसत म्हणाले, म्हणून त्याला हसावे लागले. थोरली वर्षभरापूर्वी सासरहून कायमची परत आली होती. तिची आई येणाऱ्याजाणाऱ्याला ती चार दिवस आरामाला आली आहे असे सांगत असे, आणि ऐकणारे ते खरे मानल्याचे दाखवत.

कुत्रीचे नाव तांबडी. ती गिरणीवाल्यांची, मेंढपाळाकडे अर्धेलीने होती. म्हणजे पोसायचे, निगा राखायची याने, मालकी त्यांची, आणि पिल्ले निम्मी निम्मी. जात धावणीची: लांब पाय, खोल छाती, आवळलेली कंबर, इतके तोकडे केस की खालच्या शिरा दिसाव्यात. अशा कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणे हे त्याच्या तब्येतीचे लक्षण असते; परंतु जाणारा प्रत्येक जण "हिला काही खायला घालता की नाही?" असे विचारून जाई. अंगावर चरबी नसल्याने तिला थंडी लवकर बाधे आणि कडक जमिनीवर बसून कोपरांना घट्टे पडत, म्हणून थोरलीने टाकाऊ लोकर भरून तिच्यासाठी गादी शिवली होती. धावून आल्यावर लगेच तिला खायला घालायचे नाही, कारण खोल छातीच्या जातीत भरल्या पोटाला पीळ पडतो, हेही ती पाळत असे. या वेताच्या निम्म्या वाट्यातून एक मादी घरची म्हणून ठेवायची आणि अर्धेलीतून सुटायचे, असे तिच्या मनात होते.

एका मादीचा एका नराशी संग झाला की पुढच्या साऱ्या वेतांत त्याचा अंश उतरतो, असे श्वानपालक मंडळाचे मत होते. मत म्हणणे सौम्यपणाचे ठरेल. तो नियम होता, आणि त्याच्यामागे तपासून पाहिलेले एकही उदाहरण नव्हते. नराला तो लागू नव्हता. गिरणीवाल्यांचा नर दोरी तोडून गावभर हिंडून येई. त्याला पोटच नसल्यामुळे त्याच्यात काही साठत नाही, असे पंचांचे स्पष्टीकरण होते. बाटलेली ठरलेली मादी कोणाला द्यायचीही नाही, कारण तिच्यापासून कोणी वेत घेऊन मंडळाच्या कुत्र्यांचे नाव लावील. तिला कायमची झोपवणारी सुई द्यायची.

"पिल्लं अन्नाला लागली की घेऊन या गिरणीवर," गिरणीवाले उठताना म्हणाले. "डॉक्टरना बोलावून ठेवतो. पंचांच्या समोर होऊन जाऊ दे."

पांढऱ्या बोटांचे पिल्लू आंधळेपणाने आईच्या पोटाकडे सरकत होते. तांबडीने त्याला चाटून जागेवर ओढले.

*

"त्यांची कुत्री, त्यांची मर्जी," मेंढपाळ जेवताना म्हणाला.

"माझ्या हातावर व्याली ती," थोरली म्हणाली.

"कुरण कोणाचं आहे ते विसरू नको. पाऊस लांबला तर याच माणसाच्या विहिरीवर कळप न्यायचाय." धाकटा मुलगा निम्मा कळप घेऊन दूरच्या माळावर गेला होता, उरलेल्या निम्म्याला इथेही पुरेसे गवत नव्हते.

"आबा, पण ते खोटं आहे."

"खरं-खोटं मला काय विचारतेस? मी काय पंच आहे?"

आई भांडी उचलत म्हणाली, "इतके लोक म्हणतात म्हणजे काहीतरी असेलच."

"माझ्याबद्दलही इतके लोक म्हणतात."

आईने भांडी जरा जोरात आपटली.

दुसऱ्या दिवशी कातरीची जखम चिघळलेली एक मेंढी घेऊन थोरली गुरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी चिमट्याने अळ्या काढल्या, जखम धुतली, औषध भरले. हात चांगला होता त्यांचा. मेंढी एकदाही ओरडली नाही. तेव्हा तिने तांबडीचे विचारले.

डॉक्टर मोकळेपणाने हसले. "अहो ताई, याला काडीचाही आधार नाही. वेत होतं, पिल्लं बाहेर येतात, संपलं. रिकाम्या खोलीत मागच्या भाडेकरूचा वास राहत असेल. गर्भाशयात मागच्या नराचं काही राहत नाही. घोड्यांवर, कुत्र्यांवर, सशांवर लोकांनी हे मुद्दाम करून पाहिलंय. दरवेळी काहीच निघालं नाही."

"मग पांढरी बोटं?"

"या बापाकडून, नाहीतर या आईकडून, नाहीतर दोघांच्या आजाकडून. बोटांवरचा पांढरा ठिपका म्हणजे फार मोठी गोष्ट नाही. रंग पसरत पसरत टोकाला पोचला नाही, एवढंच."

"हे गिरणीवर सांगाल?"

"हो. न सांगायला काय झालं?" डॉक्टर साबणाने हात धूत म्हणाले. "विचारलं तर सांगेन."

परत येताना तिने ती मेंढी खांद्यावर घेतली होती. रक्त आणि औषध यांचे ओघळ तिच्या पाठीवर वाळले. तरी ती भराभर चालली.

*

त्या उन्हाळ्यात गोचिडांनी कहर केला. गिरणीवाल्यांची सगळी कुत्री औषधाच्या पाण्याने धुवायला मेंढपाळाकडेच येत; हा अर्धेलीतला न ठरवलेला भाग होता. या पिल्लांचा बाप, तो नर, सकाळीच आला. धिप्पाड, देखणा, अंगाने एकसारखा काळसर तांबूस. शर्यतीत दोनदा पहिला आला होता आणि तसे वागतही होता: बादलीत तोंड घालून त्याने आधी ती उपडी केली.

थोरलीने त्याला खुंट्याला आखूड बांधले. कानांच्या आत, शेपटीखाली, बोटांच्या बेचक्यांत अशा गोचिडांच्या आवडत्या जागा असतात. ती एकेक गोचीड चिमट्याने तोंडाशी धरून सरळ ओढत होती, म्हणजे तोंड तुटून आत राहत नाही. मग तिने औषधाचे पाणी घेऊन त्याचे पंजे चोळले. पाणी तपकिरी झाले. धूळ असेल म्हणून तिने दुसरे घेतले. तेही तपकिरी झाले. तिसऱ्या पाण्याला तिची नखे रंगली, आणि नराची मागच्या पायांची चार बोटे पांढरीशुभ्र निघाली. छातीवरही एक पांढरा पट्टा उमटला.

तिने चिमटा बाजूला ठेवला.

"आई," तिने हाक मारली. "इकडे ये जरा."

आई आली. तिने नराचे पाय पाहिले, मुलीची नखे पाहिली, बादलीतले पाणी पाहिले. स्वतःच्या केसांना ती सणावारालाही नाही, फक्त पाहुणे येणार असतील तेव्हा कलप लावी. तो रंग पाण्यात कसा दिसतो हे तिला कोणी शिकवायला नको होते.

"मेला कुत्र्याला कलप लावतो," ती म्हणाली. आणि मग, "म्हणजे शेठला ठाऊक होतं."

"पंचालाही. शर्यतीत तोच पाय तपासतो."

"आणि तरी आपल्या दारात उभं राहून बोलले दोघं." आईचा आवाज चढला नव्हता, पण तिने पदराचे टोक इतके घट्ट पिळले होते की बोटे पांढरी पडली. "माझ्या देखत. तुझ्याकडे बघून."

मेंढपाळ कातर घेऊन आला, त्याने पाहिले आणि आधी फाटकाकडे नजर टाकली. "परत लावून टाका काहीतरी," तो म्हणाला. "काजळी लावा. तेल लावा."

"लावा की तुम्ही," आई म्हणाली. "तुमचे हात रिकामे आहेत."

त्याने काजळी लावली नाही. तो मेंढ्यांकडे परत गेला आणि त्या दिवशी त्याने दोन मेंढ्यांना कातर लावून रक्त काढले. असे त्याच्या हातून सहसा होत नसे.

*

पिल्ले कण्या आणि दूध खाऊ लागली तेव्हा तिघे गिरणीवर गेले. मेंढपाळाच्या डोक्यावर पिल्लांची टोपली, थोरलीच्या एका हातात तांबडीची दोरी, दुसऱ्या हातात नराची; नर त्यांनी ठेवूनच घेतला होता, गोचिडांच्या जखमा भरल्या नाहीत असा निरोप पाठवून. गिरणीच्या ओट्यावर पिठाचा थर होता. मंडळाचे आठ-दहा लोक भिंतीच्या सावलीला उभे होते. डॉक्टर खुर्चीवर होते, पायाशी बॅग. पंच मध्ये.

"सोडा पिल्लं," पंच म्हणाले.

"आधी हे बघा," थोरली म्हणाली, आणि तिने नराला ओट्यावर चढवले. काळसर तांबूस पाय, आणि त्यांच्या टोकाला पिठाइतकी पांढरी चार बोटे. जवळ जाऊन पाहावे लागत नव्हते. "पिल्लाची बोटं बापाची आहेत. याची बोटं रंगवलेली होती. मी धुतली."

ओळीतला एक जण खुदकन हसला आणि गिरणीवाल्यांकडे पाहून खोकला.

"उन्हानं पांढरी पडली असतील," गिरणीवाले म्हणाले.

"ऊन फक्त बोटांवर पडलं?"

"तोंड सांभाळ."

"मी विचारतेय फक्त."

पंचांनी खाली वाकून नराचा पंजा पाहिला. थोरलीला वाटले, आता हा माणूस अडकला. याला आता एकच वाट उरली आहे. त्यांनी पंजा सोडला, पाठ सरळ केली आणि शांतपणे सांगितले, "बघितलंत? ह्या मादीशी संग झाला आणि नरही बिघडला. मी म्हणत होतो तेच. लागण आहे ही."

"नराला पोट नसतं म्हणालात ना?" आई एकदम म्हणाली. "त्याच्यात काही साठत नाही म्हणालात."

"वहिनी, हे तुमच्या समजण्यातलं नाही."

"मग डॉक्टरांच्या समजण्यातलं असेल," थोरली वळली. "डॉक्टर, तुम्ही मला सांगितलंत ते यांना सांगा."

सगळे डॉक्टरांकडे पाहू लागले. दवाखान्याची नवी इमारत गिरणीवाल्यांच्या जागेवर व्हायची होती. हे सगळ्यांना माहीत होते आणि कोणालाही आठवण करून द्यावी लागली नाही. डॉक्टरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"असं आहे," ते म्हणाले, "पुस्तकात एक गोष्ट असते, अनुभवात दुसरी दिसते. मतमतांतरं आहेत. पंचांचा अनुभव मोठा आहे. त्यामुळे अगदी ठामपणे…"

"खोलीत भाडेकरूचा वास म्हणालात तुम्ही."

"ते मी उदाहरणादाखल म्हणालो."

"कशाच्या उदाहरणादाखल?"

डॉक्टरांनी पायाशी ठेवलेली बॅग जवळ ओढली. ज्याला माहीत नाही त्याच्यावर राग धरता येत नाही, निदान फार काळ धरता येत नाही. हा माणूस जाणत होता. त्याने ते ओट्यावर सर्वांसमोर गिळले, आणि गिळल्यावर त्याला जरा बरे वाटल्यासारखे दिसले.

"मी एक सुचवतो," तो घाईने म्हणाला. "सुई कशाला? ऑपरेशन करून टाकू. पिशवी काढली की पुढे वेतच नाही. मंडळाचा प्रश्नच मिटला."

"आणि खाऊन खाऊन बसेल ती," गिरणीवाले म्हणाले. "मी कशाला पोसू?"

"मी पोसते," आई म्हणाली.

मेंढपाळाने टोपली खाली ठेवली. "अगं…"

"थांबा जरा. शेठ, आमचा निम्मा वाटा आम्हाला नको. सगळी पिल्लं तुमची. तुमचं ते रंगवलेलं रक्त सगळं तुमच्याकडे राहू दे. कुत्री मला द्या. कागदावर नको, या सगळ्या माणसांसमोर द्या."

"आणि कुरण?" मेंढपाळ पुटपुटला.

"कुरणात गवत उरलंय कुठे?"

गिरणीवाल्यांनी पंचांकडे पाहिले. पंच म्हणाले, "पिशवी काढल्यावर हरकत नाही. पण पांढऱ्या बोटांचं ते एक मंडळात नको."

"तेही देऊन टाका मग," गिरणीवाले म्हणाले. एवढा उदारपणा दाखवल्यावर ते ओट्यावरून उतरले. जाताना त्यांनी नराची दोरी थोरलीच्या हातातून हिसकावली आणि त्याच्या बोटांकडे न पाहता त्याला आत नेले.

टोपलीतली चार पिल्ले एका माणसाने पोत्यात घेतली. तांबडी पोत्यामागे गिरणीच्या दारापर्यंत गेली. तिथे दार लागले. ती दाराच्या फटीला नाक लावून उभी राहिली आणि थोरलीला तिला उचलून आणावे लागले. दूध भरल्याने तिचे पोट अजून कडक होते.

*

दूध आटायला वेळ लागला. थोरलीने तिचे खाणे कमी केले, पाणी भरपूर दिले, पोट चोळायचे टाळले. पांढऱ्या बोटांच्या पिल्लाला वेगळे बांधले. ते रात्रंदिवस रडत असे. आई मध्येच उठून त्याला कण्या भरवे आणि शिव्याही देई. मेंढपाळ एकटाच कळप घेऊन विहिरीवर गेला तेव्हा त्याला दुसऱ्यांचे कळप संपेपर्यंत थांबवून ठेवले. घरी आल्यावर तो म्हणाला, "मेंढ्यांनाही लागण झालीय म्हणतात." मग तो स्वतःच हसला, पण फार वेळ नाही.

ऑपरेशन सकाळी झाले. दवाखान्याच्या टेबलावर तांबडीच्या पोटावरचे तोकडे केस काढल्यावर कातडी राखी, पातळ दिसत होती. डॉक्टरांनी भुलीचे औषध थेंबाथेंबाने दिले आणि मध्ये मध्ये थांबून तिच्या हिरड्यांचा रंग पाहिला. थोरलीने पाय धरले होते. टाके एका ओळीत, सारख्या अंतरावर पडले.

हात धुऊन ते तिच्यापाशी येऊन बसले. ती काही विचारण्याआधीच ते सांगू लागले.

"या जातीच्या अंगावर चरबी नसते, म्हणून भूल यांच्या अंगात फार वेळ राहते. उशिरा शुद्धीवर येईल, घाबरू नका. ऊब द्या. बाहेर ऊन असलं तरी पांघरूण हवं, आत ती गार पडते. पूर्ण उभी राहिल्याशिवाय पाणी नको, आणि मग थोडं थोडं. टाके चाटू देऊ नका; जुन्या सदऱ्याच्या बाह्यांत पुढचे पाय घाला आणि पाठीवर गाठ मारा. ससा दिसला की ही दोरी तोडेल, म्हणून आखूड बांधा. टाके निघेपर्यंत धावणं नाही, उडी नाही. नंतरही मोठं जेवण एकदम नको, दोनदा विभागून द्या. कोपरांना थोडं तेल लावत जा. आणि वजन वाढेल. फासळ्या दिसेनाशा झाल्या तर खाणं कमी करा, लोक काहीही म्हणोत."

ते थांबले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "जीव तर वाचला ना, ताई," ते म्हणाले.

थोरलीने तांबडीच्या अंगाभोवती पांघरूण गुंडाळले, जीभ बाहेर काढून एका बाजूला ठेवली, श्वास मोकळा चालतोय ना ते पाहिले. मग तिला दोन्ही हातांवर उचलले. भुलीतले जनावर जागे असताना वाटते त्यापेक्षा जड लागते. तिने एकदा वजन सावरून घेतले.

"हे सगळं बरोबर सांगितलंत," ती म्हणाली. "यातलं काही तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं."

डॉक्टर उठून दाराशी गेले, ते तिच्यासाठी उघडून धरावे म्हणून. पण ती मागच्या, गुरे आणायच्या दाराने बाहेर पडली होती. ते काही वेळ दार धरून उभे राहिले.

"पुढचं जनावर कोणाचं आहे?" त्यांनी ओसरीत हाक दिली.

ओसरीत कोणीच नव्हते.